डाव्या हातचा मळ

खेळाची श्रेयनामावली सरकू लागली तेव्हा मी कपाटाकडे तोंड करून उभी होते. हे मला डोळे पूर्ण झाकणारा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट काढल्यावर कळले. माझ्या हिशेबाने समोर खिडकी असायला हवी होती आणि कपाट पाठीमागे. पण मागच्या दीड तासात मी किती वेळा गर्रकन वळले, किती वेळा गुडघ्यावर बसले आणि कोणत्या दिशेला सरकत गेले याचा मला पत्ताच नव्हता. कपाळावर आणि गालफडांवर हेडसेटच्या फोमचे लालसर वळ उठले होते, चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती, आणि डावा खांदा असा ठणकत होता की दिवसभर कुणी माझ्याकडून विहिरीचे पाणी शेंदून घेतले असावे. शूटर खेळ संपवल्यावर दुखायला हवे ते चाप ओढणारे बोट. ते मात्र ठणठणीत होते.

खेळ होता ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’. व्हॉल्व्ह या कंपनीने तो २३ मार्च २०२० रोजी बाजारात आणला, म्हणजे माझ्या हातून तो पुरा झाला तेव्हा त्याची नवलाई कधीच ओसरली होती आणि त्याच्याविषयी जे लिहिण्यासारखे होते ते बहुतेकांचे लिहून झाले होते. तरीही मला लिहावेसे वाटते ते एका बारीकशा कारणासाठी, आणि ते कारण त्या दुखऱ्या खांद्यापाशीच आहे. या मालिकेतला पहिला खेळ १९९८चा, दुसरा २००४चा. २००७मध्ये आलेला त्याचा जोडभाग अशा एका प्रसंगावर येऊन थांबला की खेळणारी मंडळी पुढची तेरा वर्षे पुढच्या गोष्टीची वाट पाहत बसली. तेरा वर्षांनी हाती आली ती मागची गोष्ट: दुसऱ्या खेळाच्या पाच वर्षे आधीची, आणि तीही डोक्याला हेडसेट बांधल्याशिवाय पाहता न येणारी. कम्बाइन नावाच्या परग्रहावरच्या सत्तेने पृथ्वी काबीज केली आहे. सिटी १७ या शहरात ॲलिक्स व्हान्स ही तरुणी आणि तिचे शास्त्रज्ञ वडील ईलाय हे छुप्या प्रतिकारात सामील आहेत. वडील पकडले जातात आणि मुलगी त्यांना सोडवायला निघते. कथानक म्हणून एवढे पुरे आहे.

जुन्या पद्धतीच्या शूटर खेळांत मी मुरलेली होते. पडदा, कीबोर्ड, माउस. उजवा हात नेम धरत असे, डावा हात चार कळांवर बसून मला चालवत असे, आणि गोळ्या संपल्या की डाव्या तर्जनीने ‘आर’ची कळ दाबली की पडद्यावरचे हात आपले आपण बंदूक भरून घेत. त्या एक-दोन सेकंदांत मी घड्याळात किती वाजले तेही पाहून घेत असे. बंदूक भरणे हा अगदी शब्दशः डाव्या हातचा मळ होता.

ॲलिक्समध्ये ती कळ नाही. पिस्तूल रिकामे झाले की एका बटणाने रिकामी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, खाली पाडायची. मग डावा हात खांद्यावरून मागे न्यायचा, पाठीवरच्या न दिसणाऱ्या पिशवीतून भरलेली मॅगझिन पुढे आणायची, ती पिस्तुलाच्या मुठीत खालून नीट बसवायची, आणि वरचा सरकता भाग मागे खेचून सोडायचा. तेव्हा कुठे पहिली गोळी नळीत चढते. निवांत उभे राहून हे सगळे मला तिसऱ्या खेपेला जमले, आणि आपण तरबेज आहोत असे वाटून मी पुढे निघाले. पहिला हेडक्रॅब समोर आला तोवर हा भ्रम टिकला. हा प्राणी सोललेल्या कोंबडीसारखा दिसतो, चार पायांवर दबकत येतो आणि थेट चेहऱ्यावर झेप घेतो. माझ्या गोळ्या भिंतीत गेल्या, पिस्तूल खट्ट करून रिकामे झाले, डावा हात मागे गेला, मॅगझिन आली, आणि ती मला आत घालता येईना. मुठीचे तोंड सापडेना. मॅगझिन हातातून निसटली. ती उचलायला मी खाली वाकले आणि माझ्या घरातल्या, अगदी खऱ्याखुऱ्या मेजाच्या कडेवर हात आपटला. कळवळून मी जे ओरडले ते ऐकून शेजारच्या खोलीतले माणूस उठून आले. तेवढ्यात इकडे हेडक्रॅब तोंडावर येऊन बसलाच होता.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती या प्रकारच्या खेळात मला अनोळखी होती. पडद्यावरच्या खेळात भीती डोळ्यांत आणि छातीत असते. बोटे मात्र त्या भीतीपासून सुरक्षित असतात, कारण त्यांना फक्त कळ दाबायची असते आणि कळ दाबणारे बोट कितीही कापले तरी कळ दाबली जातेच. इथे भीती बोटांत उतरते. घाबरलेल्या माणसाला कुलपात किल्ली घालता येत नाही, तसे मला पिस्तुलात मॅगझिन घालता येत नव्हती. त्या एका फजितीने या खेळाची अर्धी गोम मला कळली. उरलेली अर्धी कळायला आणखी अकरा-बारा तास लागले.

सगळी भानगड डाव्या हाताची होती. आपण किती जिवंत आहोत हे पाहायचे तर डाव्या हातमोज्याची मागची बाजू घड्याळासारखी डोळ्यांसमोर धरायची. तिथे बदामाच्या तीन खुणा असतात आणि जखमी होत जाल तशा त्या विझत जातात. उपचाराची यंत्रे भिंतीवर असतात. त्यांत काचेच्या नळीत बंद केलेली एक जिवंत अळी बसवायची, यंत्र तिला चिरडून तिचा रस काढते, आणि मग आपण पंजा पुढे करायचा, की बारीक सुया त्यात टोचतात. मी दर वेळी डावाच पंजा पुढे केला, कारण उजव्यात पिस्तूल होते आणि ते सोडायचा धीर होत नव्हता. टोचल्यासारखे काही जाणवत नाही, हे मला ठाऊक होते. हातात धरलेला कंट्रोलर थोडासा थरथरतो, एवढेच. तरी सुया पुढे आल्या की मी डोळे मिटून घेत असे. अळीची दया यायची ती वेगळीच.

१९९८ साली, म्हणजे योगायोगाने या मालिकेतला पहिला खेळ आला त्याच वर्षी, मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवायचा, त्याच्या डोळ्यांसमोर रबरी हात ठेवायचा, आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच लयीत कुंचला फिरवायचा. थोड्याच वेळात त्या माणसाला कुंचल्याचा स्पर्श रबरी हातावर होतो आहे असे वाटू लागते. मी हे पूर्वी वाचले होते आणि गंमत म्हणून सोडून दिले होते. ॲलिक्समध्ये आपले म्हणून फक्त दोन पंजे दिसतात. मनगटाच्या वर काहीच नसते. दंड नाही, कोपर नाही, नुसते हवेत तरंगणारे हातमोजे. ही गोष्ट माझ्या लक्षात आली चौथ्या दिवशी, आणि तीही खेळ थांबवून मुद्दाम पाहिल्यावर. चार दिवस माझ्या मेंदूने मनगटाच्या वरचा हात स्वतःच्या पदरचा घालून चित्र पुरे केले होते.

या हातमोज्यांची एक करामत अशी, की लांबची वस्तू नजरेच्या रोखाने धरायची, मनगटाला झटका द्यायचा, ती उडत येते आणि आपण ती हवेत झेलायची. रसेल नावाचा ॲलिक्सचा बडबड्या मित्र हे हातमोजे तिला देतो. पहिल्या तासाभरात मी त्या झटक्याने खुर्च्या, बादल्या, बाटल्या असे काय वाटेल ते ओढून घेतले. पुढे गरजेपुरती काडतुसे ओढावी एवढाच त्याचा उपयोग उरला, पण झेल बसला की होणारा आनंद मात्र शेवटपर्यंत शिळा झाला नाही.

विजेरीचा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा आहे. अंधाऱ्या भुयारांच्या वाटेवर हातात दिवा मिळतो, म्हणजे हातमोज्यालाच बसतो, आणि अर्थातच डाव्या. ज्याने हा निर्णय घेतला त्याला माणसाच्या हातांची फार चांगली जाण असावी. उजव्यात पिस्तूल, डाव्यात उजेड. दोन्ही एका रेषेत धरले की समोरचे दिसते आणि मारता येते. आता गोळ्या संपतात. मॅगझिन आणायची तर डावा हात खांद्यामागे जायला हवा, आणि डाव्या हाताबरोबर उजेडही मागे जातो. ज्या क्षणी समोरचे दिसणे सगळ्यांत निकडीचे असते, नेमक्या त्याच क्षणी आपण आपल्या हाताने दिवा पाठीमागे नेतो, आणि समोर अंधार होतो. त्या अंधारात नखे घासल्यासारखा आवाज येत राहतो. हात पुढे येतो, उजेड छतावरून फिरत खाली येतो, आणि मघाशी चार हातांवर असलेला प्राणी आता तिथे नसतो.

त्या भुयारात मी सात वेळा मेले. आठव्या वेळी मला एक युक्ती सुचली: झाडलेल्या गोळ्या मोजत राहायच्या, आणि शेवटच्या दोन उरल्या की भिंतीला पाठ लावून, शत्रू लांब असतानाच, शांतपणे मॅगझिन बदलायची. एवढी वर्षे शूटर खेळ खेळून मी गोळ्या कधी मोजल्या नव्हत्या. एकेक गोळी मोजल्यावर एकेक गोळी कुठे मारतो आहोत याचाही विचार होऊ लागला. माझा खेळ संथ झाला. इतर शूटर खेळांत बंदुकांची जत्रा असते. इथे पिस्तूल, शॉटगन आणि कम्बाइनची एक छोटी स्वयंचलित बंदूक अशी तीनच शस्त्रे आहेत, आणि ती पुरेशी वाटतात, कारण प्रत्येकीची भरण्याची रीत हाताला नव्याने शिकवावी लागते. शॉटगनमध्ये काडतुसे एकेक करून बोटांनी भरावी लागतात आणि मग मनगटाच्या झटक्याने ती मिटते. तो झटका मला फार आवडू लागला, इतका की गरज नसतानाही मी ती उघडझाप करत चालत असे.

सातव्या प्रकरणाविषयी खेळणारे सगळेच बोलतात, म्हणून मी टाळणार होते. पण डाव्या हाताची गोष्ट त्याच्यावाचून अपुरी राहील. जुन्या दारूच्या कारखान्यात जेफ नावाचे एक अवाढव्य, आंधळे ध्यान फिरत असते. ते गोळ्यांनी मरत नाही. त्याला दिसत नाही, पण ऐकू सगळे येते, आणि त्याच्या आसपास हवेत असे काही बीजकण असतात की श्वासाबरोबर आत गेले की ॲलिक्सला खोकला येतो. खोकला आला की संपले. उपाय एकच, तोंडावर हात धरायचा. म्हणजे खरोखरच, स्वतःचा हात, कंट्रोलरसकट, स्वतःच्या तोंडासमोर. त्यामुळे कामाला एकच हात उरतो. त्या एका हाताने कपाट उघडावे तर आतून बाटली घरंगळते. ती झेलायला दुसरा हात नाही, कारण दुसरा हात तोंडावर आहे. मी एका हाताने दार हळूच अर्धे उघडले, बाटली दाराला टेकलेली दिसली, आणि मग कितीतरी वेळ, डावा हात तोंडावर आणि उजव्या हाताने दार तसेच धरून, मी नुसती उभी राहिले. जेफ माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. खोकला ॲलिक्सला येणार होता, मला नाही; तरी मी श्वास रोखला होता. या संपूर्ण प्रकरणात मी त्याच्यावर एकही गोळी झाडली नाही, आणि मला आठवणारा सगळ्यांत थरारक भाग तोच आहे. शूटर खेळाचा कळस गोळी न झाडण्यात असावा याचे मला अजून नवल वाटते.

आता तक्रारींकडे वळते. अशा खेळात आपण किती रमतो याचे मेल स्लेटर या संशोधकाने २००९मध्ये दोन वेगळे पदर दाखवले होते: आपण त्या जागी आहोत असे वाटणे हा एक, आणि तिथे घडते आहे ते खरोखर घडते आहे असे वाटणे हा दुसरा. पहिला पदर माझ्या बाबतीत क्वचितच फाटला. फाटला तो हेडसेटच्या केबलमुळे, जी घोट्याला विळखा घालत असे. (१९६८मध्ये आयव्हन सदरलंड यांनी बनवलेले या जातीचे सुरुवातीचे उपकरण इतके जड होते की ते छताला टांगावे लागे, तेव्हा केबलची कुरकुर करण्यात अर्थ नाही.) दुसऱ्या दिवशी मी टेलिपोर्ट, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेणे, सोडून सलग चालण्याची सोय निवडून पाहिली. डोळे सांगत होते की आपण पुढे चाललो आहोत, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगत होती की आपण जागच्या जागी उभे आहोत, आणि या दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडले. तासभर मी डोके धरून बसले होते. पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

दुसरा पदर मात्र कम्बाइनच्या सैनिकांनी फाडला. हे सैनिक फार शिष्टाचाराने वागतात. मी गाडीचे दार उघडून त्याआड बसले, मॅगझिन पाडली, चुकून दुसरीही पाडली, वाकून उचलली, आणि तोवर ते समोर उभे राहून रेडिओवर एकमेकांशी बोलत राहिले. खेळ रचणाऱ्यांनी हे माझ्यावर दया म्हणून केले आहे हे उघड आहे, कारण सैनिक खरोखर चपळ असते तर हातांनी बंदूक भरणारा एकही खेळाडू पहिला चौक ओलांडून गेला नसता. पण दया दिसू लागली की भीती मरते. मला भुयारातले प्राणी परवडले.

सैनिकांविषयी आणखी एक. त्यांचे चेहरे मुखवट्यांनी पूर्ण झाकलेले आहेत. त्यांच्यातल्या एकावर मी पहिल्यांदा गोळी झाडली तेव्हा तो पडल्यावर मी जवळ गेले, वाकले आणि त्याच्या कमरेची काडतुसे काढून घेतली. पडद्यावरच्या खेळात हे काम एक कळ दाबून होते, त्याचा मनाला ओरखडाही उठत नाही. इथे पडलेल्या माणसाच्या अंगाला हात लावावा लागतो. मुखवटा नसता तर मला ते जमले नसते, असे मी म्हणणार होते. पण खरे सांगायचे तर पाचव्या-सहाव्या सैनिकानंतर मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते, फक्त काडतुसे पाहत होते. त्यापेक्षा झॉम्बी मला जड गेले. डोक्यावर हेडक्रॅब बसलेला आणि त्याच्या ताब्यात गेलेला माणूस खुरडत येतो, तेव्हा त्याच्या कण्हण्यात माणसाचा आवाज शिल्लक असतो, आणि त्याच्या अंगावर कामगाराचे कपडे असतात. नेम त्या प्राण्यावर धरायचा असतो. तो चुकला की कळते आपण कुणाला मारले ते.

सिटी १७मध्ये मी नुसती पाहत उभी राहिले असा वेळ खूप गेला. या शहराचा चेहरा घडवला तो दुसऱ्या खेळाच्या वेळी, सोफियात जन्मलेले कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह यांनी. पूर्व युरोपातल्या शहरांच्या जुन्या, पोपडे उडालेल्या इमारती, आणि त्यांच्या अंगावर चढलेले परग्रहावरचे काळे धातू. पडद्यावर मी हे शहर पूर्वी ओलांडले होते. आता त्याच्या एका जिन्यावर बसले. छताला लोंबणाऱ्या जिभांचे बार्नेकल नावाचे प्राणी असतात, खालून जाणाऱ्याला ते वर ओढून घेतात. रस्त्यावर पडलेला प्लास्टिकचा शंकू डोक्यावर घातला तर ते शंकू ओढून नेतात आणि आपण वाचतो. वडिलांना सोडवायला निघालेली शूर तरुणी डोक्यावर रहदारीचा शंकू घालून फिरते आहे, हे दृश्य आरशात पाहायला मिळाले नाही याची मला खंत आहे.

शेवटाविषयी थोडे लिहिते. ज्यांना स्वतः खेळायचे आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. अकराव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात, खेळभर आकाशात लटकलेली दिसणारी कम्बाइनची एक अवाढव्य तिजोरी अखेर उघडते. आत खोल्यांवर खोल्या, उलट्यासुलट्या, तरंगणारे सामान, आणि हातांतच अशी शक्ती येते की शत्रूवर ऊर्जेचे गोळे फेकता येतात. हे सगळे दिपवणारे आहे आणि मला ते फारसे भावले नाही. चौदा तास ज्या हातांना एक मॅगझिन नीट बसवण्यासाठी झगडावे लागले, त्यांना एकदम दैवी सामर्थ्य मिळाल्यावर माझी भीती गेली आणि भीतीबरोबर हातही परके झाले. त्यानंतर तिजोरीत कोंडलेला, मालिकेत पूर्वीही दिसलेला सुटातला गूढ गृहस्थ बोलतो, आणि २००७मध्ये थांबलेली गोष्ट अवघ्या काही मिनिटांत अशी वळते की तेरा वर्षे वाट पाहणाऱ्यांना काय वाटले असेल याचा मी अंदाजच करू शकते. श्रेयनामावलीनंतर एक छोटा प्रसंग आहे. त्यात आपण ॲलिक्स नसतो, आणि ईलाय आपल्याकडे एक कटावणी सोपवतात. मालिकेची ओळखच असलेली ही कटावणी या खेळात तोवर कुठेच वापरायला मिळत नाही. ती घ्यायला माझा डावा हात पुढे झाला, हे मी नंतर आठवून पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आले.

खेळाच्या अगदी सुरुवातीला, गोष्ट सुरू होण्याआधी, एका काचेच्या खोलीत तावदानावर काही आकृत्या काढलेल्या असतात आणि जवळच रंगीत मार्कर पडलेले असतात. पहिल्या दिवशी मी एक मार्कर उचलून काचेवर माझे नाव लिहिले होते. ते माझ्याच अक्षरात उमटले, याचे मला किती आश्चर्य वाटले हे सांगून पटणार नाही. ज्या जगात माझा चेहरा, आवाज आणि वय दुसऱ्या कुणाचे होते, तिथे माझे किरटे, उजवीकडे कललेले अक्षर मात्र जसेच्या तसे आले होते.

खेळ संपल्यावर आठवड्याभराने मी तो पुन्हा सुरू केला. या वेळी खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य हात डावा केला, म्हणजे पिस्तूल डाव्यात आणि विजेरी उजव्यात. काच अर्थातच कोरी होती. मी मार्कर डाव्या हातात घेतला आणि नाव लिहायला लागले. पहिले अक्षर जमले, दुसऱ्याला वेलांटी उलट्या बाजूने निघाली, तिसऱ्याच्या काना-मात्रेपाशी मार्कर हातातून निसटून खाली पडला आणि गडगडत मेजाखाली गेला. मेज खरे आहे की तिथले, हे आधी हाताने चाचपून पाहिले आणि मगच मी वाकले.